पिठी ज्या बोटाला चाटायची

"सर, तुम्ही जीवशास्त्रवाले. सांगा बरं, हे मांजर यांचं बोट एवढं मन लावून का चाटतंय?"

वाघचौरे सरांनी विचारलं आणि मी खुर्चीत सावरून बसलो. आम्ही दोघे बार्शीच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवत होतो. शनिवारी लवकर सुटायचं, म्हणून मी त्यांना चहाला घरी आणलं होतं. समोर जमिनीवर माझ्या सासूबाई बसल्या होत्या; मी त्यांना मामी म्हणायचो. मांडीवर सात महिन्यांची गार्गी झोपलेली, आणि शेजारी त्यांची पांढरी मांजर, पिठी. पिठीने सासूबाईंचा उजवा हात दोन्ही पंजांत धरला होता आणि ती त्यांच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं टोक चाटत होती. चाटण्याचा खरखर आवाज खुर्चीपर्यंत येत होता.

"त्याला कारणं आहेत," मी म्हणालो. "एक तर माणसाच्या कातडीवरच्या घामात मीठ असतं. दुसरं, मांजरी आपल्या पिल्लांना चाटून स्वच्छ करते, तसं ती आपल्या माणसालाही करते. म्हणजे मामी आता पिठीचं पिल्लू झाल्या. आणि तिसरं म्हणजे खूण. चाटून चाटून ती स्वतःचा वास लावते. हे माणूस माझं आहे, असं बाकीच्या मांजरांना सांगते."

"वा!" वाघचौरे सर म्हणाले. "पण एकच बोट का?"

हा प्रश्न मलाही पडला होता. मी सासूबाईंकडे पाहिलं. मी त्यांना मामी म्हणायचो. "मामी, खरंच, याच बोटाला का चाटते ही?"

मामींनी हात हळूच पदराखाली घेतला. माझ्याकडे न बघता, जरा कपाटाच्या बाजूला बघत त्या म्हणाल्या, "लहान होती तेव्हा याच बोटानं दूध चाटवलं होतं तिला. आई मेली होती तिची. त्याची आठवण असेल."

"बघा!" मी वाघचौरे सरांना म्हणालो. "पहिल्या काही आठवड्यांतले संस्कार. याचं इतकं चांगलं उदाहरण पुस्तकातसुद्धा नाही मिळायचं."

सोमवारी मी ते उदाहरण अकरावीच्या वर्गात सांगितलं. फळ्यावर मांजरही काढलं. पोरं हसली.

या गोष्टीला आता वीस-बावीस वर्षं झाली. तेव्हा माझी बायको नंदा वीज मंडळाच्या कुर्डुवाडीच्या ऑफिसात होती. बाळंतपणाची रजा संपली आणि गार्गीला कोण सांभाळणार हा प्रश्न उभा राहिला. माझ्या आईचे गुडघे गेलेले. तेव्हा अक्कलकोटजवळच्या त्यांच्या गावाहून मामी आल्या, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात झाकणाच्या टोपलीत पिठी. मामा, म्हणजे माझे सासरे, जाऊन बरीच वर्षं झाली होती, नंदाला भाऊ नव्हता, गावी मामी एकट्याच असायच्या. "पोरीला मी बघते, तुम्ही दोघं बिनघोर जावा," असं त्या दारातच म्हणाल्या.

आणि त्यांनी खरोखर घर सांभाळलं. सकाळी आम्ही बाहेर पडायचो, मी दुपारी परतायचो, तोवर गार्गीचं न्हाणं, तीट, झोप सगळं झालेलं असायचं. मी आलो की चहा तयार. गार्गीचं दूधही तेव्हाच वाटीत ओतलेलं असायचं, आणि पिठी मामींच्या बोटाशी.

तरी माझ्या मनात त्यांच्याबद्दल अढी होती. त्या माझ्याकडे सरळ बघत नसत. मी बोलायला लागलो की तोंड किंचित वळवायच्या, जणू माझ्या कानामागे कुणी उभं आहे. दारात मी न बोलता उभा राहिलो तर "कोण?" म्हणायच्या. एकदा कोपऱ्यावरच्या भाजीवालीपाशी मी प्राचार्यांबरोबर उभा होतो. मामी गार्गीला कडेवर घेऊन समोरून आल्या आणि ओळख न दाखवता निघून गेल्या. प्राचार्यांनी विचारलं, "या तुमच्याकडच्याच ना?" मी काहीतरी पुटपुटलो. आमचं लग्न नंदाने ठरवलेलं, मामींच्या मनात दुसरं स्थळ होतं. मला वाटलं, या बाईंनी अजून मला जावई म्हणून मानलेलं नाही.

मी हे नंदाला बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "आई तशी नाही हो. वय झालंय, तंद्रीत असते."

उष्टावणाचा रविवार आला. माझी आई आली, थोरली बहीण शकुअक्का आली, वाघचौरे सर बायकोला घेऊन आले, प्राचार्यही येऊन गेले. चांदीच्या वाटीतून गार्गीला खीर चाटवली. तिने तोंड वेडंवाकडं केलं, सगळे हसले. मी नवा पांढरा शर्ट घातला होता आणि यजमान म्हणून इकडून तिकडे फिरत होतो. नंदा गार्गीला घेऊन बायकांत बसली होती. मामी स्वयंपाकघरात एकट्या चहा ओतत होत्या. कपाचे ट्रे मी बाहेर आणून देत होतो.

बहुतेकांच्या हातात कप गेले होते. वाघचौरे सर अर्धा प्यायलेही होते. तेवढ्यात पाणी आणायला आत गेलेली शकुअक्का बाहेर आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "मल्लिनाथ, तुझ्या सासूबाई प्रत्येक कपात बोट घालतायत रे!"

"काय?"

"बोट. प्रत्येक कपात. मी बघत उभी होते. ओततात आणि बोट बुडवतात."

वाघचौरे सरांच्या बायकोने कप खाली ठेवला. मग माझ्या आईने ठेवला. बशांचा एकेक आवाज झाला. वाघचौरे सरांनी आपल्या कपात पाहिलं आणि उगाच हसून म्हणाले, "मांजरीचं ते बोट नव्हे ना, सर?"

ते गमतीनं म्हणाले. पण सगळ्यांना आता ते बोट ठाऊक होतं. कारण मीच आल्या-गेल्याला ते कौतुकाने दाखवलं होतं. माझे कान तापले. मी आत गेलो.

मामी ओट्यापाशी उभ्या होत्या. डाव्या हातात किटली, उजव्या हाताचं बोट कपाच्या काठावरून आत. माझी चाहूल लागताच त्यांनी बोट काढून घेतलं.

"मामी, हे काय चाललंय?"

त्यांनी बोट पदराला पुसलं.

"दिवसभर मांजर चाटतं ते बोट, आणि तेच पाहुण्यांच्या चहात? माझी आई बसलीय बाहेर. माझे सहकारी बसलेत. बाळाच्या दुधातही हेच करत असाल. काही लाज आहे की नाही?"

हळू बोलत होतो असं मला वाटत होतं. पण मधल्या दाराला नुसता पडदा होता, आणि बाहेर कुणीच बोलत नव्हतं.

मामींनी किटली खाली ठेवली. ठेवण्याआधी हाताने ओटा चाचपला. ते मी पाहिलं, आणि तरी पाहिलं नाही. "चुकलं जावईबापू," त्या म्हणाल्या.

"चुकलं म्हणजे काय? कशासाठी करता असं?"

"चुकलं म्हणते ना. सवय वाईट." आणि किटलीवर झाकण ठेवत, "मी संध्याकाळच्या गाडीनं गावाकडं जाते."

मी थांबवलं नाही. नंदा आत आली, तिचे डोळे भरलेले. "आई, असं का करतेस गं? सांग तरी." मामी तिच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "खुळीच आहे मी. तुझं घर आहे, तुझ्या माणसांपुढं तुला खाली बघायला लावलं." आणि पिशवी भरायला लागल्या. पिठीला त्यांनी नेलं नाही. म्हणाल्या, एवढ्या गर्दीत टोपली सांभाळणं व्हायचं नाही, पुढच्या वेळी कुणीतरी घेऊन या.

पाहुणे अजून बसलेले होते, तरी मीच त्यांना स्टँडवर सोडायला निघालो. खरं तर मला त्या घरातून बाहेर पडायचं होतं. स्टँडवर गर्दी होती. मी त्यांना एका बाकावर बसवलं, "सोलापूर गाडी किती वाजता आहे बघून येतो" म्हणालो आणि चौकशीच्या खिडकीकडे गेलो. गाडी येण्यात होती. परत आलो तर त्या बोलत होत्या.

माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच पांढरा शर्ट घातलेला एक गृहस्थ त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला होता, पाठीशी खांब आणि हातात पेरूंची पिशवी. तो गाडीची पाटी वाचायला तिथं थांबला असावा. मामींनी त्याच्यापुढे हात जोडले होते.

"बसू नका, गाडी यायच्या आत बोलून घेते, जावईबापू," त्या त्याला म्हणत होत्या. "नंदाला सांगणार नसाल तर बोलते. मला समोरचं दिसत नाही. वर्ष होऊन गेलं. कडेचं सगळं दिसतं, दार दिसतं, भिंत दिसते, म्हणून कुठं धडकत नाही, कुणाला कळत नाही. पण जिथं बघावं तिथंच धूर येतो. माणसाचं तोंड दिसत नाही. कप भरला का रिकामा, दिसत नाही. म्हणून बोट घालते. चटका बसला की ओतायची थांबते."

तो गृहस्थ तोंड उघडून त्यांच्याकडे पाहत होता.

"हात धुऊन घालते, बापू. शंकराची आण. पिठी चाटते ती मागाहून. बोटाला दूध लागलेलं असतं, चहा लागलेला असतो, म्हणून चाटते. तुम्ही उलटं समजलात. माया नाही, आठवण नाही, काही नाही. दूध लागतं तिला. पण तुम्ही त्या सरांना इतकं चांगलं समजावून सांगत होतात, मी कशाला मध्ये बोलू? आणि बोलले असते तर बाळ माझ्या हातात राहिलं नसतं."

गृहस्थाने मदतीसाठी इकडेतिकडे पाहिलं आणि त्याला मी दिसलो. चार पावलांवर उभा होतो. तोच शर्ट, तीच उंची. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मामींकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी काय खूण केली मला आठवत नाही. बहुतेक हात जोडले असतील. त्याला कळलं. त्याने पेरूंची पिशवी वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि एकेक पाऊल टाकत तो बाजूला झाला. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या आयुष्यात पुष्कळ माणसांनी माझ्याकडे पाहिलं असेल, पण ती नजर मला अजून सोसत नाही.

मी त्याच्या जागी जाऊन उभा राहिलो.

"रागावलात का?" मामींनी विचारलं. "बोलत नाही तुम्ही."

"नाही मामी," मी म्हणालो. "घरी चला."

"नको. पाहुणे असतील."

"असू द्यात."

"नंदाला सांगणार नाही ना?"

मी हो म्हणू शकलो असतो. त्या क्षणी त्यांनी काहीही मागितलं असतं तर मी दिलं असतं. पण सकाळपासून दुपारपर्यंत त्या घरात गॅस होता, उकळतं दूध होतं, आणि माझं सात महिन्यांचं पोर होतं. "सांगावं लागेल, मामी," मी म्हणालो. "बाळ आहे."

त्यांनी मान हलवली. हे उत्तर त्यांना आधीपासून ठाऊक असावं. सोलापूर गाडी आली, माणसं दाराला भिडली, कंडक्टर ओरडला. मामी बाकावरच बसून राहिल्या. गाडी फाटकातून वळली.

"बाळ उठलं असेल आता," त्या म्हणाल्या आणि पिशवी माझ्याकडे देऊन उभ्या राहिल्या. मी हात पुढे केला. त्यांनी तो कोपराशी धरला. इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा हात पुढे केला होता.

घरी शकुअक्का चप्पल घालत होती. आम्हाला पाहून तिने भुवया उंचावल्या. पायरीवरच मामींनी माझी बाही ओढली होती, "माणसांपुढं नका बोलू." म्हणून मी एवढंच म्हणालो, "मामी जाणार नाहीत. चूक माझी होती."

"तुझी कसली चूक?" अक्का म्हणाली. "बोट काय तू घातलंस?"

त्यानंतर कितीतरी वर्षं अक्काने आमच्या घरी चहा घेतला नाही, आणि मी तिला कारण सांगितलं नाही. मामींनी नको म्हटलं होतं हे खरं. पण तेव्हा तू काय केलं होतंस, असं मला कुणी विचारू नये, हेही खरं.

सगळे गेल्यावर नंदाला सांगितलं. ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकताच उठून तिने आईच्या मांडीवरून गार्गीला उचललं. आपण काय केलं ते तिला उचलल्यावर कळलं. ती तशीच उभी राहिली, पोर पोटाशी धरून, रडत.

"घे," मामी म्हणाल्या. "मीबी तेच केलं असतं."

मग आम्ही दुपारपर्यंत एक बाई ठेवली, कलावती नावाची. चूल, दूध, न्हाणं तिच्याकडे. मामी आमच्याकडेच राहिल्या. गार्गी त्यांच्या मांडीवरच वाढली, फक्त आसपास कुणीतरी असायचं. मामींनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. कलावती दूध ओतायला लागली की त्या उठून दुसऱ्या खोलीत जायच्या, एवढंच. पिठी काही दिवस त्यांचं ते बोट हुंगायची, एकदा जीभ लावून बघायची आणि निघून जायची.

वर्गातही मला तो धडा पुन्हा घ्यावा लागला. पोरांना काय सांगावं कळेना. शेवटी म्हणालो, त्या दिवशी मी कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केली होती. दूध आधी, चाटणं मागून. पोरांनी वहीत लिहून घेतलं. एका मुलीने विचारलं, "म्हणजे तिला मामींची माया नव्हती, सर?" मी पुस्तक मिटलं आणि तास संपायच्या आत बाहेर आलो.

उष्टावणानंतरच्या आठवड्यात मी मामींना घेऊन सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी औषध घालून बराच वेळ तपासलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, म्हणाले. चष्म्याचा उपयोग नाही, ऑपरेशन नाही. कडेची नजर राहील. "लवकर आला असता तरी फार काही करता आलं नसतं," ते म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. मामींना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. जे त्यांना वर्षभर माहीत होतं तेच कुणीतरी मोठ्या दिव्याखाली पुन्हा सांगितलं होतं.

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या. औषधाने डोळे दिपत होते, म्हणून पदर कपाळावर ओढलेला. वैराग गाव मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "जावईबापू, एक सांगाल? आपली गार्गी दिसते कशी?"

मला क्षणभर प्रश्नच कळला नाही. मग कळला. त्यांनी तिला अंघोळ घातली होती, तीट लावली होती, झोपवली होती. पाहिली नव्हती.

"नाक नंदासारखं," मी म्हणालो. "हनुवटीला खळी आहे."

"ती माहीत आहे. हाताला लागते. रंग?"

"सावळा. माझा."

"आणि डोळे?"

"मोठे आहेत. पापण्या लांब. रागावली की आधी खालचा ओठ काढते, मग रडते."

"अगबाई," त्या म्हणाल्या आणि हसल्या. बराच वेळ ते चित्र मनात लावून बघत असाव्यात. मग त्या म्हणाल्या, "तुमचं तोंड मात्र मला ठाऊक आहे बरं का. लग्नात बघितलंय. तेव्हा डोळे चांगले होते. अक्षता पडत होत्या आणि तुम्ही हसत होतात. तुमचा आवाज आला की मला तेच तोंड दिसतं."

गाडी खड्ड्यातून गेली, आम्ही दोघं हललो. बोलायचं नव्हतं, तरी माझ्या तोंडून निघून गेलं.

"त्या दिवशी स्वयंपाकघरात, मामी?"

"त्या दिवशीसुद्धा तेच दिसलं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मला कळेना, इतक्या हसऱ्या तोंडानं हा माणूस असं काय बोलतोय."